दाराची पाठ

वाडा पाडायला घेतला की सगळ्यात आधी दारे उतरतात, आणि दारांवरून सगळ्यात आधी उतरते ते लोखंड-पितळ. कड्या, कोयंडे, साखळ्या, पितळी फुल्या, कोपऱ्यांवरच्या पट्ट्या, माजघरातल्या झोपाळ्याच्या कड्या. लाकूड एका टेम्पोत जाते, धातू दुसऱ्यात. धातूला पुढे दोन वाटा फुटतात. एक थेट भंगारवाल्याच्या काट्याकडे जाते, दुसरी पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजाराकडे नाहीतर मुंबईच्या चोरबाजाराकडे. दुसऱ्या वाटेवर गिऱ्हाईक कडी हातात घेऊन एकच प्रश्न विचारते, ‘किती जुनी?’ आणि उत्तरही ठरलेले असते: ‘पेशवेकालीन’. महाराष्ट्रात गंजून काळ्या झालेल्या कुठल्याही वस्तूला हे आडनाव लागू शकते. प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार लवकर विचारला जातो. त्याआधी विचारायला हवे ते असे: ही वस्तू कशावर बसवली होती, ती कोणते काम करत होती, आणि ते करताना कुठे झिजली? या तिन्हींची उत्तरे तिच्या दर्शनी बाजूवर क्वचितच मिळतात. दर्शनी बाजूला मोर, कमळ, कीर्तिमुख असते आणि त्यांची नक्कल कोणीही करू शकतो. वस्तूची खरी ओळख तिच्या पाठीवर असते. हे मान्य केले, तर अशा वस्तूचे पुढे काय करायचे याचा निर्णयही बराचसा तिथेच होतो.

जुने दणकट दार समजून घ्यायचे तर आत जाऊन ते लावून घ्यावे आणि मग पाहावे. रस्त्यावरून दिसतात त्या उभ्या सागवानी फळ्या. त्यांना एकत्र धरून ठेवतात त्या मागच्या आडव्या पट्ट्या, आणि फळी व पट्टी यांना जोडतो तो घडीव खिळा. तो पुढून आरपार ठोकतात, मागे निघालेले टोक वाकवतात आणि पुन्हा लाकडात बसवतात. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. वाकवलेला खिळा ती हालचाल सोसतो आणि तरी सुटत नाही. पुढच्या बाजूला नुसते खिळ्याचे डोके ठेवले तर ते वर्षानुवर्षांच्या आदळआपटीने लाकडात रुतत जाईल. म्हणून डोक्याखाली पितळेची किंवा लोखंडाची उभार दिलेली फुली येते. ती दाब पसरवते आणि खिळ्याच्या भोकावरून पाणी ओघळवून टाकते. या फुलीला आठ पाकळ्या असोत की सोळा, ती आधी चकती आहे, मग फूल. म्हणूनच अस्सल दारावर फुल्यांच्या ओळी मागच्या पट्ट्यांच्या रेषेतच असतात. पुढच्या फुल्या मोजल्या की मागच्या पट्ट्या न पाहता सांगता येतात. फुल्या दारभर मनमानी पसरलेल्या असतील आणि मागे पट्टी एकाच जागी असेल, तर ती सजावट मागाहून चढवलेली आहे, असे समजायला हरकत नाही.

सुटा खिळाही बराच बोलतो. डोक्याच्या खालच्या कडेपासून ते वळणापर्यंतचे अंतर म्हणजे फळी आणि पट्टी यांची एकत्रित जाडी. दार जळाले, कुजले, विकले गेले, तरी त्याची जाडी त्या खिळ्याच्या वळणात नोंदलेली राहते. एकाच दाराच्या म्हणून विकायला आलेल्या डझनभर खिळ्यांची वळणे वेगवेगळ्या अंतरांवर असतील, तर ते एका दाराचे नव्हेत. कोयंड्याच्या दोन पायांनाही हेच माप लागू पडते. बाजारात मात्र हे पाय आधीच सरळ केलेले किंवा तासून टाकलेले असतात, कारण वाकडे पाय असलेली वस्तू मांडणीत नीट बसत नाही आणि गिऱ्हाइकाला ती मोडकी वाटते.

दारावरच्या धातूची चर्चा निघाली की शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवणारच. वाड्याची वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. उत्तरेच्या या दरवाज्याच्या प्रत्येक कवाडावर ७२ अणकुचीदार सुळे आहेत, प्रत्येकी सुमारे एक फूट लांब, आणि तेही हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर. धडक मारायला आलेला हत्ती त्यांनी बिचकावा, असा त्यामागचा हिशेब सांगितला जातो आणि त्या दरवाज्यापुरता तो पटण्यासारखा आहे. सुळे जिथे हवेत तिथेच आहेत, दारभर उगाच विखुरलेले नाहीत. अडचण पुढे होते. हाच हिशेब मग पेठेतल्या कुठल्याही सरदार-सावकाराच्या दाराला लावला जातो आणि तीन बोटे उंचीची गोल फुली ‘हत्तीला रोखणारा खिळा’ होऊन बसते. ज्या बोळात हत्तीला वळायला जागा नाही तिथे तो धडक मारायला धाव कुठून घेणार? यावर असा आक्षेप येऊ शकतो की छोट्या दारांवरच्या फुल्या मोठ्या दरवाज्यांच्या अनुकरणातून आल्या असतील. काम नसले तरी मान म्हणून. आक्षेप रास्त आहे. मोठ्या घराच्या दाराची नक्कल लहान घराने करणे ही जुनी रीत आहे. पण त्याची शहानिशाही पाठीमागेच होते. खिळा पट्टीतून आरपार येऊन वळला असेल तर फुली ओझे वाहते आहे, तिला मान मिळाला तो वरकड. आखूड चुकेने नुसती फळीवर डकवली असेल, तर ती निव्वळ मानाची. दोन्ही प्रकार जुने असू शकतात, फक्त त्यांची गोष्ट वेगळी.

वस्तूंची नावेही थोडी साक्ष देतात. दार आतून अडवणारा तो अडसर किंवा अडणा, त्याच्याच पोथीतल्या नावाने अर्गळा. कडी, साखळी, खिळा हे सगळे शब्द घरचे. कुलूप अरबी-फारसीच्या वाटेने आले. चावी मात्र पोर्तुगीज, आणि बिजागरीही ‘बिसाग्र’ या पोर्तुगीज शब्दावरून आलेली. ही वाटणी योगायोगाची वाटत नाही. आपली जुनी दारे बिजागरीवर फिरतच नसत. फळीच्या एका कडेला वर आणि खाली खुंटी ठेवलेली असे. खालची उंबऱ्याजवळच्या दगडी उखळीत, वरची चौकटीच्या भोकात. दाराचे सगळे वजन त्या उखळीवर. किल्ल्यांच्या दरवाज्यांत दारे गेली तरी उखळ्या अजून दिसतात. अशा दाराला बिजागरीची गरज नव्हती, म्हणून तिला घरचे नावही नव्हते. शब्दावरून वस्तूचे वय काढू नये, हे खरेच. वस्तू आधी येऊन नाव नंतर बदलू शकते. पण एवढे म्हणता येते की एखाद्या दाराच्या कडेला खुंटी कापल्याची खूण असेल आणि त्याच कडेवर नक्षीदार पितळी बिजागऱ्या असतील, तर त्या बिजागऱ्या त्या दाराच्या दुसऱ्या जन्मातल्या आहेत. दार एकदा उचलून नव्या चौकटीत बसवले गेले, तेव्हा त्या आल्या. त्या कितीही सुंदर असल्या तरी दाराचे मूळ वय त्यांच्यावरून सांगता येणार नाही.

धातू स्वतःही आपली हकीकत सांगतो. गावच्या लोहाराच्या भात्यावर तयार झालेले घडीव लोखंड आतून धागेदार असते. गंजताना ते लाकडासारखे लांबट रेषांत उकलते. ओतीव लोखंड कणीदार, ठिसूळ, आणि कडेला कुठेतरी साच्याच्या दोन भागांची शिवण दाखवणारे. नंतर आलेले गिरणीतले पोलाद सगळीकडे सारखे गंजते. जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद निघू लागले ते १९१२ पासून. त्याच्या आधी परदेशी पोलादाच्या पट्ट्या आणि सळ्या बंदरांतून येत होत्या, आणि लोहारही कच्चे लोखंड स्वतः काढण्याऐवजी त्याच वापरू लागले होते. त्यामुळे घाव हाताचे पण पट्टी कारखान्याची, अशा वस्तू भरपूर सापडतात. त्यांना खोट्या म्हणण्याचे कारण नाही. घडीव खिळ्याचा दांडा चौकोनी आणि निमुळता, डोक्यावर घणाचे पैलू. तारेपासून यंत्रावर केलेला खिळा गोल आणि सरळ. स्क्रूचे टोक बोथट असेल तर तो बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधीच्या रीतीचा, अणकुचीदार असेल तर नंतरचा. डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असेल, तर १९३० च्या दशकाअलीकडचा, यात वादाला जागा नाही. मात्र स्क्रू शेवटच्या दुरुस्तीची तारीख सांगतो, पट्टीची नव्हे. पट्टीवरच्या भोकांत जुन्या चौकोनी खिळ्याची कड उमटली असेल आणि त्यात आता गोल स्क्रू सैलसर बसला असेल, तर त्या भोकावर विश्वास ठेवावा.

मुंबईचे प्रकरण थोडे निराळे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नक्षीदार लोखंड जहाजाने, तयार होऊन यायचे. काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचा अख्खा लोखंडी सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये बनून इथे जोडला गेला. त्याच दशकात जे. जे. कलाशाळेत लॉकवुड किपलिंग, जॉन ग्रिफिथ्स आणि हिगिन्स यांच्या कार्यशाळा सुरू झाल्या. त्यांतली हिगिन्स यांची कार्यशाळा खास घडीव लोखंडाच्या नक्षीकामाची होती, आणि १८७८ ते १८८८ या दशकात उभ्या राहिलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या सजावटीला या कलाशाळेचा हात लागला. म्हणजे एकाच शहरात एकाच वेळी साच्यातून निघालेली, कॅटलॉगमधून निवडलेली नक्षी आणि ऐरणीवर घडवलेली नक्षी शेजारी शेजारी नांदत होती. गिरगावातल्या जिन्याच्या कठड्याची ओतीव वेल दहा इमारतींत हुबेहूब सारखी मिळते. वाईच्या एका दाराच्या दोन कड्याही एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. ओतीव म्हणजे कमअस्सल, असा समज मात्र करून घेऊ नये. साच्याची वस्तू दहा ठिकाणी आहे म्हणूनच तिचा माग काढणे सोपे. हातघडीची वस्तू एकटी असते, आणि जागेवरून हलली की पोरकी होते.

पण ती जागेवरून हलत आलीच आहे. दाराचे सामान महाग, लोखंड त्याहून महाग. घर मोडले की कडी पुढच्या घराला लागायची. म्हणून जुनी वस्तू जुन्या दारावर सापडली तरी दोघांचे वय एक असेल असे नाही. मेणवलीला घाटावर टांगलेली मोठी घंटा हे याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आहे. घंटेवर १७०७ हे साल आहे, घाट आणि नाना फडणविसांचा वाडा मात्र त्यानंतर कित्येक दशकांनी उभे राहिले. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा चर्चमधल्या घंटा वरघाटी आल्या, त्यांतली ही एक. घंटेवरचे साल तिच्या ओतण्याचे. टांगण्याचे साल तिच्यावर नाही. दारावरच्या वस्तूंना तर अंगावर साल नसतेच. तिथे टांगण्याचा पुरावा म्हणजे लाकडातली भोके, चौकटीवर उमटलेली साखळीच्या घर्षणाची चंद्रकोर, कडी आपटून आपटून फळीवर पडलेला खळगा. कडी काढून नेली की हे सगळे लाकडाबरोबर दुसऱ्या टेम्पोत जाते.

नुसत्या रूपावर आणि ऐकीव कथेवर ओळख ठरवली तर काय होते, याचा मोठा धडा १८४२ चा आहे. गव्हर्नर जनरल एलेनबरो यांनी गझनीहून परतणाऱ्या जनरल नॉट यांच्या फौजेला महमूदाच्या कबरीचे दरवाजे उतरवून आणायला लावले. १०२५-२६ च्या स्वारीत सोमनाथाहून नेलेले चंदनी दरवाजे ते हेच, अशी समजूत होती. मोठा जाहीरनामा निघाला, अपमानाचा सूड उगवल्याची भाषा झाली, मिरवणुका निघाल्या. दरवाजे जवळून तपासले तेव्हा लाकूड चंदन नव्हतेच, देवदार होते. नक्षी भूमितीच्या चांदण्यांची, गझनीच्याच मुलखात शोभणारी, आणि अक्षरे कूफी. ते दरवाजे आग्र्याच्या किल्ल्यात ठेवले गेले ते आजतागायत. इथे फसवणूक कोणी केली नव्हती. ओळख आधी ठरली, दार नंतर पाहिले गेले. जुन्या बाजारातल्या ‘पेशवेकालीन’ कडीचे याहून वेगळे काही नसते, फक्त मिरवणूक निघत नाही.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. आपल्याकडे धातू जपून ठेवण्याची रीत होतीच कुठे? भांडे फुटले, पोचे आले की ते मोडीत काढायचे, तांबटाकडे द्यायचे, वर मजुरी देऊन नवे घ्यायचे. ‘मोडीत काढणे’ हा शब्दप्रयोगच त्यातून आला आणि तो आपण बिनदिक्कत माणसांनाही लावतो. राजेरजवाड्यांचे वागणेही निराळे नव्हते. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्लीच्या दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून आटवली आणि तिचे सुमारे ९ लाख रुपये पाडले. फौजेला पगार हवा होता. मग आजच वाड्याच्या कडीविषयी एवढा जीव का टाकायचा? आटवणे हीच आपली परंपरा नाही का?

आक्षेपातला पहिला अर्धा भाग मान्य आहे. दुसरा मान्य करण्याआधी ती परंपरा कशावर चालत होती ते पाहावे लागेल. मोडीचे चक्र चालायचे, कारण मोड घेणारा आणि नवे घडवणारा एकाच आळीत बसलेला असे. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत पत्र्यावर मठारकाम चालायचे तेव्हा आटवलेल्या हंड्याबरोबर हंड्याचे ज्ञान आटत नव्हते. पुढचा हंडा त्याच हाताने, त्याच मापाने घडत होता. लोहार बलुतेदार होता. मोडलेली कडी त्याच्याकडे गेली तर तिचीच दुसरी कडी होऊन यायची. आज भंगारात गेलेली कडी भट्टीत जाऊन सळई होते आणि सळई काँक्रीटमध्ये जाते. धातू वाचतो, हे खरे. पण घडवणारा हात या साखळीतून बाहेर पडला आहे, आणि त्या हाताने काय केले हे सांगणारी शेवटची नोंद म्हणजे ती कडीच. पूर्वजांनी निश्चिंतपणे आटवले, कारण त्यांच्यासाठी नमुना ऐरणीशेजारी जिवंत बसलेला होता. आपल्यासाठी तसा तो क्वचितच उरला आहे. भाऊंच्या चांदीचीही गोष्ट अशीच सांगता येते. ते छत होते हे आपल्याला बखरी-कागदांवरून कळते, पण ते कसे जोडले होते, पत्रे कुठे दुमडले होते, हे आता कोणीही सांगू शकत नाही.

दुसरा आक्षेप घासण्याचा. पितळ काळे पडू द्यायचे आणि त्या काळेपणाचे कौतुक करायचे, ही परक्या संग्राहकांची चाल. आपल्या घरात पितळ लखलखीतच हवे, असे म्हणणारे चुकीचे बोलत नाहीत. देवघरातली समई चिंच-राखेने घासली जाते आणि शतकभराच्या घासण्याने तिच्यावरची नक्षी मऊ होते. ती झीजच तिचा इतिहास. पण दारावरची कडी रोज कोणी घासत नसे. ती चकचकायची ती हाताने, आणि जिथे हात लागतो तेवढ्याच जागी. जुन्या कडीचा खालचा कमानदार भाग गुळगुळीत, वरची दोन टोके खरबरीत. पट्टीवर कडी आदळते तिथे एक चपटा डाग. कोयंड्याच्या डोळ्यात एकाच बाजूला खोलगट झीज, कारण कडी नेहमी एकाच बाजूने लटकते. बफिंगच्या चाकावर दोन मिनिटे धरली की हे सगळे एकसारखे होते, कानशीचे ओरखडे आणि घणाचे पैलू यांच्यासकट. आम्लात बुडवलेले पितळ तर फसवतेही: वरच्या थरातले जस्त निघून जाते आणि तांबूस गुलाबी छटा येते, तिलाच मग कोणी जुनेपणाची खूण म्हणते. मुरादाबाद आणि अलीगढच्या कारखान्यांत जुनाट रंगाचे नवे सामान उघडपणे बनते आणि त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा अस्सल जुनी वस्तू घासून नव्यासारखी केली जाते आणि तिच्या शेजारी नवी वस्तू काळी करून जुनी म्हणून ठेवली जाते. झोपाळ्याच्या पितळी कड्या याच कारणाने सर्वांत जास्त फसवतात. हत्ती, मोर, घोडेस्वार यांचे दुवे नव्या साच्यातून सुरेख निघतात. पण झोका फिरतो तो वरच्या आणि खालच्या टोकाशी, म्हणून खऱ्या वापरातल्या संचात सगळ्यात वरच्या आणि पाटाजवळच्या दुव्यांच्या डोळ्यांची आतली बाजू झिजलेली असते, मधले दुवे त्या मानाने शाबूत. सगळेच दुवे सारखे झिजलेले किंवा सारखे कोरे असतील तर तो झोपाळा फारसा हलला नाही, किंवा संच दोन ठिकाणचा आहे. डोळ्याच्या आत बोट फिरवले की कळते. हत्तीकडे बघायची गरज पडत नाही.

लोखंडाला मात्र उपचार हवाच, नाहीतर गंज त्याला खाऊन टाकेल. तिथेही रंगाचा डबा उघडण्याआधी थांबावे. सुटा गंज मऊ ब्रशने झाडून, वस्तू पूर्ण कोरडी करून जवसाच्या तेलाचा पातळ हात देणे पुष्कळदा पुरते. हिरड्यातले टॅनिन गंजाशी मिळून काळा थर धरते. जुनी शाई ज्या रसायनाने काळी व्हायची तेच हे, आणि हिरडा भीमाशंकर-महाबळेश्वरच्या रानात मुबलक. चंदेरी ऑइलपेंटचा थर दिलेली कडी बघितली की वाईट वाटते ते रंगामुळे नाही. त्या रंगाखाली धागे, पैलू आणि शिवण तिन्ही बुजतात.

हे सामान एवढ्या संख्येने दारांवरून का उतरले, यालाही कारणे आहेत. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, वाड्यांची डागडुजी मालकाला परवडेना आणि भाडेकरूला नकोशी झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे बसले. पुढे जमिनीचे भाव उरलेल्यांना पुरून उरले. या वाहत्या गंगेत दिनकर केळकरांसारखा एखादा माणूस १९२० च्या सुमारापासून अडकित्ते, समया, दारे, कुलुपे गोळा करत राहिला, आणि त्याचा संग्रह १९७५ मध्ये राज्य सरकारकडे गेला, म्हणून आपल्याकडे पाहायला काही आहे. पण संग्रहालयाला सगळी दारे घेणे अशक्य. आणि संग्रहालयातसुद्धा भिंतीला टेकवलेल्या दाराची पाठ दिसत नाही. तिथे आरसा लावायला हवा.

कायद्याचा दृष्टिकोन जरा गमतीचा आहे. पुरावस्तूंसंबंधीच्या १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंमध्ये इमारतीपासून किंवा लेण्यापासून सुटी केलेली वस्तूही धरलेली आहे. म्हणजे दारावर होती तोवर कडी घराचा भाग होती. पहार लावून उचकटली त्या क्षणी ती पुरावस्तू झाली. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांच्या वाड्याची आठवण म्हणून कडी-कोयंडा बे एरियात किंवा लंडनला न्यायला निघालेल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. वस्तू त्या वयाची नसेल, तर तसा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो, आणि दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यालाही शेवटी तिची पाठच बघावी लागते.

तेव्हा निर्णयाचा क्रम असा लागतो. दार उभे असेल आणि कडी काम देत असेल तर ती जागीच राहू द्यावी. सैल झाली असेल तर जुन्या भोकात सुताराकडून लाकडी खुंटी मारून घट्ट करावी, शेजारी नवे भोक पाडू नये. दार जाणारच असेल तर धातू उतरवण्याआधी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, मागची बाजू आधी, शेजारी फूटपट्टी ठेवून. कुठली फुली कुठल्या ओळीतली, हे चिठ्ठी बांधून ठेवावे. शक्य असेल तर कोयंड्याभोवतीचा वीतभर लाकडाचा तुकडा कापून धातूसकट ठेवावा. अख्खे दार ठेवायला जागा नसते, वीतभर तुकड्याला असते. मूळ दार माहीतच नाही अशा पोरक्या वस्तूंबाबत फार सोवळे पाळायचे कारण नाही. त्या वापराव्यात. कडी ही घरोघर फिरणारीच वस्तू होती, आणि सदनिकेच्या दारावर ती कडीचे काम करणार असेल तर काचेच्या कपाटापेक्षा ते बरे. फ्रेममध्ये चिकटवून दिवाणखान्यात टांगलेली कडी मात्र दोन्हीकडून गेली: तिचा आवाज बंद झाला आणि तिची पाठ गोंदाखाली.

सदनिकेच्या दारावर बसवताना एक अडचण हमखास येते. कोयंड्याचे पाय तीन-चार इंच जाडीची फळी-पट्टी पार करून मागे वळण्यासाठी घडवलेले, आणि नवे फ्लश डोअर जेमतेम दीड इंचाचे. पाय मागून बाहेर येतात. सुतार हॅक्सॉ घेतो, विचारत नाही, आणि जास्तीचे तुकडे कापून भुशासोबत झाडून टाकतो. ते तुकडे त्याच्याकडून मागून घ्यावेत. त्यांच्यावरच ते वळण असते आणि जुन्या दाराची जाडी त्या वळणाइतकी नेमकी आता दुसरीकडे कुठेच उरलेली नसते.